सोलापूरच्या मे महिन्यात टिकेल असा गेमिंग पीसी : जोडणी आणि ओव्हरक्लॉकिंग

सोलापुरात भारी गेमिंग पीसी जोडणाऱ्याने प्रोसेसर कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी आपल्या खोलीचे तापमान मोजावे. आपण जिथे बसून खेळणार आहोत, तिथे मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता पारा कुठे असतो, हे कळल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय नीट घेता येत नाही. बाहेर ४२-४३ अंशांचा दिवस गेलेला असतो, स्लॅब तापलेला असतो आणि एसी नसलेल्या खोलीत रात्री नऊपर्यंत ३७-३८ अंश सहज टिकून राहतात. डिसेंबरच्या पहाटे त्याच खोलीत २० अंश असतात. हा अठरा अंशांचा फरक जसाच्या तसा तुमच्या प्रोसेसरवर जाऊन बसतो, कारण पंखा असो वा रेडिएटर, आतली उष्णता तो खोलीतल्या हवेलाच देत असतो आणि त्या हवेपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. थंडीत जो प्रोसेसर पूर्ण भाराखाली ७२ अंशांवर राहतो, तोच त्याच भाराखाली मे महिन्यात ९० अंशांच्या आसपास जातो. म्हणून माझे सांगणे असे आहे की सोलापुरात मशीन मे महिन्यासाठी जोडावे आणि मे महिन्यासाठीच ट्यून करावे. डिसेंबरमध्ये ते आपोआप नीट चालते.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका डिसेंबरमध्ये मी रॅमचे टायमिंग (तिच्या कामांमधली वेळेची अंतरे) हाताने बसवले, टीआरईएफआय हे मूल्य थेट ६५५३५ पर्यंत नेले, रॅम तपासणारे टेस्टमेम५ रात्रभर चालवले आणि एकही एरर न आल्याने काम संपले असे मानले. एप्रिलच्या शेवटी खेळ काहीही संदेश न देता बंद पडू लागले. मी विंडोज पुन्हा टाकले, ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीवर) संशय घेतला. मग एके दिवशी एक मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश आला, आणि तीच फाइल रात्री दोन वाजता, खोली निवल्यावर, विनातक्रार उघडली. तेव्हा कुठे उलगडा झाला. रॅममधील प्रत्येक पेशीत साठवलेला विद्युतभार हळूहळू गळत असतो आणि तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. टीआरईएफआय म्हणजे या दोन भरण्यांमधले अंतर. तापमान वाढले की गळती वाढते. डिसेंबरमध्ये जे अंतर पुरत होते ते ग्राफिक्स कार्डाची गरम हवा खात साठ अंशांकडे गेलेल्या रॅमला एप्रिलमध्ये पुरेना, आणि त्या काही आठवड्यांत किती फाइली गुपचूप खराब झाल्या याचा हिशेब मला आजही पूर्ण लागलेला नाही.

सुटे भाग निवडताना

प्रोसेसरमध्ये एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा आपल्या हवेला सर्वांत सोयीचा वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या आठ कोअरच्या (प्रत्यक्ष काम करणाऱ्या आठ भागांच्या) प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ अंश आहे, तर त्याच्या आधीच्या ७८००एक्स३डीची ८९ अंश होती. आधीच्या पिढ्यांत जादा कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) थर कोअरच्या वर बसवलेला असे, त्यामुळे कोअरची उष्णता बाहेर पडताना अडत असे. ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरच्या खाली गेला आणि म्हणूनच या प्रोसेसरला पूर्ण ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा वर चालवण्याची, मोकळीक मिळाली. दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट अशी की खेळ चालू असताना तो बहुतेक वेळ शंभर वॅटच्या आतच राहतो. इंटेलच्या १४९००केची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, आणि ती सगळी उष्णता शेवटी आपल्याच खोलीत सांडते. कोणी तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर वापरलेला म्हणून स्वस्तात देत असेल, तर २०२४ मध्ये उघड झालेला जादा व्होल्टेजचा दोष आणि त्यानंतर आलेले मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांमधली दुरुस्ती) लक्षात ठेवावेत. तो ज्या मदरबोर्डावर चालला त्याचे बायोस (बोर्डातली मूळ आज्ञावली) त्या दुरुस्तीनंतरचे नसेल, तर आधीच बिघडत आलेला प्रोसेसर गळ्यात पडू शकतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मी आरटीएक्स ५०८० (३६० वॅट) किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी (३०४ वॅट) यापलीकडे जाऊ नये असे म्हणेन, जोपर्यंत खोलीला एसी नाही. आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॅट घेते. बाकी मशीन धरून सातशे-आठशे वॅटचा हीटर मे महिन्यात दार लावलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत चालवण्यासारखे ते आहे, आणि त्या खोलीत माणूसही बसायचा असतो. दीड टनाचा एसी साधारण पाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे एसी असेल तर ही अडचण उरत नाही.

एसएमपीएस घेताना कार्यक्षमतेच्या सोनेरी प्रमाणपत्रावर सगळ्यांचे लक्ष जाते; बारीक अक्षरांतली एक ओळ मात्र कोणी वाचत नाही. त्याची पूर्ण क्षमता कोणत्या तापमानाला दिली आहे, हे तिथे लिहिलेले असते. चांगले एसएमपीएस ५० अंशांना पूर्ण भार देतात, हलके ४० अंशांना. आपल्या खोलीतच ३८ अंश असताना कॅबिनेटच्या तळाशी ४० सहज ओलांडले जातात, म्हणून ५० अंशांचा उल्लेख असलेलाच घ्यावा. ५०८० साठी ८५० वॅट पुरतात, १००० असल्यास पंखा शांत राहतो. एटीएक्स ३.१ या मानकाचा आणि ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी १२व्ही-२एक्स६ केबल सोबत असलेला घ्यावा. जोडकेबलांचा गुंता टाळावा.

कॅबिनेट जाळीच्या पुढच्या बाजूचे असावे आणि त्याचे फिल्टर स्क्रू न काढता ओढून बाहेर येणारे असावेत. पुढून काचबंद असलेली देखणी कॅबिनेटे आपल्याकडे केवळ तापतात.

एअर कूलर की पाण्याचा रेडिएटर, या प्रश्नाचे माझे उत्तर आपल्या शहराच्या धंद्यामुळे बदलले आहे. पूर्व भागात, जिथे घराच्या पुढच्या खोलीत किंवा शेजारच्या शेडमध्ये माग चालतात, तिथे हवेत सुताची बारीक रुई सतत तरंगत असते. ती साध्या धुळीसारखी पंख्यातून आरपार जात नाही, अडकते आणि मग एकमेकींत गुंतते. त्या भागातल्या एका मित्राचे मशीन प्रत्येक खेळात दहा मिनिटांनी मंदावत होते. कॅबिनेट उघडून मी रेडिएटरवरचे पंखे काढले तेव्हा मागे धातू दिसलाच नाही. राखाडी, मऊ, एकसंध असा थर होता. कडेला नख लावून ओढला तर तो अख्खाच्या अख्खा, तीन पंख्यांच्या गोलांचे ठसे असलेल्या घोंगडीच्या तुकड्यासारखा हातात आला. मित्राचे वडील मागावर टॉवेल विणतात. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि सूत कोणत्या जातीचे आहे तेही सांगितले. रेडिएटरच्या पात्या इतक्या दाट असतात की रुईला तिथे घर मिळते. दुहेरी मनोऱ्याच्या एअर कूलरच्या पात्यांमध्ये फट मोठी असते, तो रंगाच्या ब्रशने पाच मिनिटांत साफ होतो, आणि ९८००एक्स३डीला तो पुरतोही. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याकडे राहणाऱ्यांनी ३६० मिलिमीटरचा एआयओ (पंप आणि रेडिएटर जोडूनच येणारा पाण्याचा कूलर) खुशाल घ्यावा, फक्त तो कॅबिनेटच्या छताला लावावा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात न साठता रेडिएटरच्या वरच्या टोकाला राहतात. हाताने बनवलेल्या कस्टम लूपमध्ये (पाण्याच्या नळ्यांच्या जोडणीत) नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही भरू नये. त्यातल्या क्षारांनी वॉटर ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचा बुजतात.

बहुतेक महाग भाग पुण्याहून किंवा कुरिअरने येतात आणि बिघाड झाला तर त्याच वाटेने परत जातात. म्हणून खोका फोडण्यापासून सिरीयल नंबर दिसेपर्यंतचे चित्रीकरण सलग, न थांबवता करावे. जोडलेला पीसी पुण्याहून गाडीतून आणायचा असेल, तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आणावे. अडीचशे किलोमीटरच्या धक्क्यांत दोन किलोचे कार्ड स्लॉट वाकवते.

वीज आणि अर्थिंग

कॅबिनेटच्या धातूला हात लागताच मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर ती घरातल्या अर्थिंगची तक्रार आहे, मशीनची नाही. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी असलेले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही धातूच्या पेटीशी जोडतात. अर्थिंग नसेल तर त्या पेटीवर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट येऊन थांबतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला झटका बसत नाही, पण एचडीएमआय केबल लावता-काढताना तोच प्रवाह पोर्ट जाळू शकतो. जुन्या पेठांतल्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो आणि वरच्या छिद्राला मागे तारच नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावे : फेज ते अर्थ सुमारे तेवढेच व्होल्ट दिसावेत जेवढे फेज ते न्यूट्रल दिसतात, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावेत. हे होईपर्यंत पीसी चालू करू नये.

खोलीतला कूलर आणि बोअरची मोटर ज्या लाइनवर आहेत, ती लाइन पीसीला देऊ नये. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि ओव्हरक्लॉक केलेले मशीन नेमके अशा क्षणी रीस्टार्ट होते. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा आणि त्याचे व्हीए न पाहता वॅट पाहावेत, कारण १५०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ९०० वॅटच देतो. त्याच खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. कूलरमुळे खोली थंड होते ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या झोतातले तुषार क्षारांसह फिल्टरवर बसतात आणि रुईला चिकटायला ओला पृष्ठभाग मिळतो. कूलर माणसाकडे वळवावा आणि पीसीला खोलीतली निवलेली हवा घेऊ द्यावी.

जोडणी

आपल्या घरात काही पसरायचे म्हटले की हात आपसूक चादरीकडे जातो. जोडणीसाठी मात्र सोलापुरी चादर किंवा टॉवेल अंथरू नये. या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या त्याच्या बैठकीत) १७१८ बारीक स्प्रिंगसारख्या पिना असतात आणि त्यात चादरीचा एक धागा अडकला, तर तो काढताना शेजारची पिन वाकते. रिकामे लाकडी टेबल घ्यावे, मदरबोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका त्यावर ठेवावा आणि बोर्ड त्या खोक्यावर ठेवून काम करावे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून स्वेटर काढून ठेवावा आणि अधूनमधून पिन लावलेल्या पण बटण बंद ठेवलेल्या एसएमपीएसच्या धातूला हात लावावा.

प्रोसेसर बसवताना सॉकेटचा दांडा उचलून झाकण उघडावे, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि प्रोसेसर दोन बोटांनी सरळ खाली ठेवावा, दाबू नये. काळे प्लास्टिकचे आवरण हाताने काढण्याची गरज नसते. दांडा खाली आणताना ते आपोआप उडून निघते, आणि त्या वेळी होणाऱ्या करकर आवाजाने घाबरून हात मागे घेऊ नये. रॅमच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. चार पट्ट्या लावल्या की एएम५ वर रॅमचा वेग बराच उतरतो.

एअर कूलर लावण्याआधी त्याच्या तळाची पारदर्शक पट्टी काढली की नाही, हे पुन्हा एकदा पाहावे. थर्मल पेस्टचा मध्ये एक मोठा आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक असे ठिपके द्यावेत. या प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, तिथे पेस्ट फार सांडणार नाही इतकेच प्रमाण ठेवावे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत.

ग्राफिक्स कार्डाच्या १२व्ही-२एक्स६ जोडणीवर मात्र घाई नको. या केबलने सहाशे वॅटपर्यंत वीज वाहते आणि ती अर्धवट बसली, तर मोजक्याच पिनांवर सगळा प्रवाह येऊन प्लास्टिक वितळते. कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी, ते टेबलावर असताना एकदा केबल लावून पाहावी, म्हणजे शेवटपर्यंत बसायला किती जोर लागतो ते हाताला कळते. मग कार्ड बसवून टॉर्चच्या उजेडात बाजूने पाहावे : केबल आणि सॉकेट यांच्यामध्ये नखभरही फट दिसता कामा नये. टोकापासून किमान ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ जाऊ द्यावी, मगच वळवावी. काचेचे दार लावताना ती दाबली जात असेल, तर कॅबिनेट अरुंद आहे आणि ते बदलावे लागेल.

पंख्यांची मांडणी अशी असावी की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असेल. पुढचे तीन आत, मागचा एक आणि वरचा एक बाहेर. असे केले की फटींतून हवा बाहेर पडत राहते आणि रुईला फिल्टरशिवाय दुसरी वाट मिळत नाही.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. डीडीआर५ रॅमचे ट्रेनिंग चालू असते, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्यात वीज तोडू नये. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल आणि नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल, तर मागच्या बाजूच्या फ्लॅशबॅक बटणाने पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करता येते.

ओव्हरक्लॉकिंग

सुरुवातीला काहीही न बदलता एक तास खेळ चालवून एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये प्रोसेसर, रॅम आणि कार्ड यांची तापमाने पाहावीत आणि त्यांच्याशेजारी खोलीचे तापमान वहीत लिहावे. खोलीचे तापमान न लिहिलेली नोंद आपल्याकडे निरुपयोगी असते. मग बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा जाहीर वेग लावणारी सोय) चालू करावे. ६००० वेगाची, सीएल३० ची (हा आकडा प्रतिसादाच्या विलंबाचा) रॅम या प्रोसेसरला उत्तम जुळते. एक्स्पो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाला मिळणारे) नक्की तपासावे. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली. काही बोर्ड अजूनही त्या काठावर नेऊन ठेवतात, आणि ६००० साठी बहुतेक वेळा १.१५ ते १.२० पुरतात. टीआरईएफआय वाढवायचाच असेल तर बत्तीस हजारांच्या आसपास थांबावे.

प्रोसेसरसाठी बायोसमधल्या पीबीओ या ओव्हरक्लॉकिंगच्या विभागात कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवण्याची सोय) सर्व कोअरसाठी उणे १० वर ठेवून सुरुवात करावी आणि पाच-पाचने खाली जावे. प्रत्येक पायरीला तीन ते पाच मिलिव्होल्ट कमी होतात. तेवढ्याने उष्णता घटते आणि प्रोसेसर स्वतःहून वर धावतो. उणे ३० कोणाला जमले म्हणून आपल्याला जमेलच असे नाही. कोअरसायकलर हे साधन प्रत्येक कोअर वेगवेगळा तपासते, ते रात्रभर चालवावे, कारण अस्थैर्य बहुधा पूर्ण भाराखाली दिसत नाही. एकच कोअर वरच्या वेगाला जातो तेव्हा ते दिसते. त्यानंतर बूस्टमध्ये (प्रोसेसरच्या कमाल वेगात) २०० मेगाहर्ट्झ वाढवून पुन्हा तीच तपासणी करावी. तापमानाची मर्यादा हाताने ८५ अंशांवर आणून ठेवावी. मे महिन्यात वेग थोडा उतरेल, पण पंखे किंचाळणार नाहीत.

ग्राफिक्स कार्डाला मी वेग चढवण्याऐवजी व्होल्टेज उतरवणे पसंत करतो. आफ्टरबर्नर या साधनात कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेज आणि वेगाची वक्ररेषा उघडते. माझे ५०८० मी ०.९२५ व्होल्टला २७५० मेगाहर्ट्झवर बांधले आहे; फ्रेम फारशा घटल्या नाहीत आणि खोलीला फरक स्पष्ट जाणवतो. मेमरीचा वेग वाढवताना पडद्यावर ठिपके येण्याची वाट पाहू नये. कार्डावरची जीडीडीआर७ मेमरी चुका स्वतःच पकडते आणि माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे चित्र शाबूत राहते पण गुण घसरतात. प्रत्येक वाढीनंतर थ्रीडीमार्कच्या स्टील नोमॅड या चाचणीचा गुणांक पाहावा, आणि तो वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे यावे. शेवटी त्याचीच वीस फेऱ्यांची ताणचाचणी द्यावी. ९७ टक्के स्थिरता मिळाली की उत्तीर्ण.

हे सगळे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत करत असाल, तर मे महिना कृत्रिम रीतीने आणावा लागतो. त्याची सोपी युक्ती अशी : कॅबिनेटच्या आणि प्रोसेसरच्या पंख्यांचा वेग इतका कमी करावा की नेहमीच्या भाराखालची तापमाने पंधरा ते अठरा अंशांनी वर जातील, आणि त्या स्थितीत कोअरसायकलर व टेस्टमेम५ पुन्हा चालवावेत. रॅम तपासताना ग्राफिक्स कार्डावरही भार ठेवावा, नाहीतर तिला मिळणारी खरी उष्णता मिळतच नाही. जे या परीक्षेत टिकते, ते एप्रिल-मेमध्ये टिकते.

देखभाल

मागांच्या वस्तीत फिल्टर दर आठवड्याला आणि इतरत्र महिन्यातून एकदा काढून धुवावेत व सावलीत पूर्ण वाळवूनच बसवावेत. रंगपंचमीला खिडक्या बंद ठेवाव्यात. तो रंग रुईपेक्षा बारीक असतो आणि फिल्टर त्याला अडवत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, कारण हवेच्या जोराने ती मर्यादेबाहेर फिरली की बेअरिंग खराब होते. बायोसमध्ये मे महिन्यात टिकणारे प्रोफाइल जपून ठेवावे; हिवाळ्यासाठी वेगळे केलेच असेल, तर मार्च उजाडताच पुन्हा उन्हाळ्याचे लावावे. बायोस अद्ययावत केले की जतन केलेली प्रोफाइल बहुधा पुसली जातात, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा आणि फोटोच्या नावात त्या दिवशीचे खोलीचे तापमान लिहावे.